आगीचे ठिपके आणि त्यांच्याखालचे थर

'जाळपोळ' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दंगल आणि जमाव उभा राहतो. मला मात्र एकट्यादुकट्या माणसाने, कोणाचे लक्ष नसताना लावलेल्या आगींविषयी लिहायचे आहे, कारण गुन्ह्यांच्या नकाशाचा, म्हणजे घटना जिथे घडली तिथे ठिपका मांडलेल्या नकाशाचा, खरा उपयोग आणि त्याची खरी अडचण, दोन्ही तिथेच दिसतात.

अडचण अशी की, आग लागली हे लगेच कळते. ती लावली होती हे ठरायला मात्र वेळ लागतो आणि पुष्कळदा ते ठरतच नाही, कारण पुरावा जळालेला असतो किंवा विझवण्याच्या पाण्याने वाहून गेलेला असतो. म्हणून केवळ सिद्ध झालेल्या आगींचेच ठिपके मांडले, तर नकाशातून आगींपेक्षा तपास कुठे नीट झाला हेच अधिक कळते. संशयास्पद आणि कारण न कळलेल्या आगी वेगळ्या रंगाने का होईना, पण नकाशावर असाव्यात, तसेच कचराकुंडी किंवा बेवारस गाडी पेटल्याच्या किरकोळ घटनाही असाव्यात, असे माझे मत आहे.

ठिपके दाट कुठे आहेत हे संगणक क्षणात दाखवतो, पण ते तिथेच का आहेत हे सांगायला दुसरा थर, म्हणजे त्याच जागांविषयीची आणखी माहिती, लागतो. १९७०च्या दशकात बॉस्टनच्या फेनवे भागातील सिम्फनी रोड परिसरात इमारतींना वारंवार आगी लागत होत्या. जुन्या वायरिंगकडे किंवा भाडेकरूंच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवून विषय संपवणे सोपे होते. पण रहिवाशांनी संघटित होऊन जळालेल्या इमारतींच्या मालकीच्या नोंदी काढल्या. वारंवार होणारे आणि किंमत फुगवत नेणारे खरेदीविक्रीचे व्यवहार, थकलेले कर, न झालेली दुरुस्ती आणि त्यावर भरघोस विमा, असा साचा त्यांना दिसू लागला. १९७७ मध्ये या प्रकरणी ३३ जणांवर कारवाई झाली आणि त्यांत घरमालकांबरोबर वकील, विम्याच्या कामातली माणसे, इतकेच नव्हे तर पोलीस आणि अग्निशमन दलातील माणसेही होती. या उदाहरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही की, तोच साचा अजून न जळालेल्या इमारतींना लावून पाहता येतो. प्रतिबंधासाठी नकाशा वापरायचा, तर त्यावर शाबूत घरेही हवीत.

ठिपके एका जागी साचले तरच त्यांतून काही कळते, हा समजही फसवा आहे. जानेवारी १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे आगींचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांची परिषद भरली होती. त्याच सुमारास फ्रेस्नो, टुलारी आणि बेकर्सफील्ड येथील दुकानांत आगी लागल्या. प्रत्येक गावाच्या नकाशावर हे मोजकेच ठिपके असल्याने कोणताही हॉटस्पॉट, म्हणजे ठिपक्यांची दाटी, दिसला नसता. पण ते एकत्र मांडल्यावर महामार्ग क्र. ९९ ने दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाची वाट दिसत होती. बेकर्सफील्डचे तपास अधिकारी मार्व्हिन केसी यांना शंका आली की, आग लावणारा परिषदेहून परतणाऱ्यांपैकीच असावा. १९८९ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह येथील परिषदेच्या वेळी असेच घडल्यावर त्यांनी दोन्हीकडे हजर असलेल्यांची नावे पडताळली. पुढे १९९१ मध्ये आगीच्या जागी मिळालेला बोटाचा ठसा जुळला, तो ग्लेंडेलच्या अग्निशमन दलातील जॉन ऑर या आगतपासनिसाचा. वेळेचा थर नसता, तर ही वाट कोणाला दिसली नसती.

वेळ अगोदर माहीत असेल, तर काम बरेच सोपे होते. डेट्रॉइटमध्ये ३० ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोविनच्या आदल्या रात्रीच्या, आगेमागे आगी लावण्याचे प्रमाण एवढे वाढले होते की, १९८४ मध्ये तीन दिवसांत ८०० हून अधिक आगींची नोंद झाली. पुढे हजारो स्वयंसेवकांनी त्या रात्री गस्त घालायला सुरुवात केल्यावर हे प्रमाण घटले.

एरवी मात्र अशी तारीख हाताशी नसते, आणि रिकामी घरे बंदिस्त करणे, पडीक सामान उचलणे, दिवे लावणे या उपायांसाठी जागा नकाशावरूनच निवडाव्या लागतात. त्यानंतर आगी खरोखर थांबल्या की चार गल्ल्या पलीकडे सरकल्या, हे तपासण्यासाठी शेजारच्या भागाचा नकाशा उपायापूर्वीच काढून ठेवलेला हवा. आग सरकल्यानंतर काढलेल्या नकाशाची तुलना करायला हाती काहीच उरत नाही.