तुम्ही विचारलंत म्हणून : कोलंबियाबद्दल नासाला माहीत होतं का?

२००३ मध्ये १ फेब्रुवारीला नासाचं कोलंबिया अंतराळयान पृथ्वीवर परतताना तुटून पडलं आणि कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. दर १ फेब्रुवारीला कल्पनाचा फोटो फिरतो आणि त्याखाली हाच प्रश्न असतो. यान परतणार नाही हे नासाला ठाऊक होतं, पण सातही जणांपासून लपवलं, असं म्हणतात. खरं का?

लपवलं नव्हतं. २३ जानेवारी २००३ ला कमांडर रिक हसबंड यांना यानातच ईमेल गेली होती : उड्डाणाच्या वेळी फोम आदळलाय, काळजीचं कारण नाही. घोळ आहे तो या 'काळजी नाही'त.

१६ जानेवारीला उड्डाणानंतर ८२ व्या सेकंदाला इंधनटाकीवरचा जेमतेम पाऊण किलोचा फोम निखळून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर बसला. एवढ्याशा फोमनं काय होतंय, असं कुणालाही वाटेल. पण हलका म्हणूनच हवेनं त्याला क्षणात अडवलं, यान मात्र सुसाट पुढे येत होतं. धडक बसली ताशी सुमारे ८०० किलोमीटरनं.

दुसऱ्याच दिवशी ती फिल्मवर दिसली. लष्कराच्या कॅमेऱ्यांतून पंखाचे फोटो घ्या, असं इंजिनिअरांनी तीन वेळा सुचवलं, वरून नकार. भिस्त ठेवली 'क्रेटर' नावाच्या गणितावर. ते यानाच्या उष्णतारोधक टाइलवर बारीक तुकडे आदळले तर किती खोल खड्डा पडेल हे सांगायचं. हा तुकडा त्याच्या शेकडो पट मोठा. तरीही त्यानं टाइलच्या जाडीपेक्षा खोल खड्डा दाखवला, तेव्हा 'ते नेहमी वाढवूनच सांगतं' म्हणून सोडून दिलं!

अपघातानंतर, ७ जुलैला, सॅन अँटोनियोत तेवढाच फोम वायुतोफेतून कडेच्या खऱ्या पॅनेलवर झाडला. चाळीस सेंटिमीटरचं भगदाड पडलं. परतताना अशाच भोकातून तापलेली हवा आत शिरली आणि पंखाचा ॲल्युमिनियमचा सांगाडा वितळला.

वाचवता आलं असतं? आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर नेणं शक्य नव्हतं, कक्षाच वेगळी. पण लिथियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषणारा माल, काटकसरीनं १५ फेब्रुवारीपर्यंत पुरला असता. त्यांना आणायला अटलांटिस हे दुसरं यान रात्रंदिवस खपून १० तारखेला सोडता आलं असतं. सगळं जुळून आलं असतं तर. अट एकच : भोक पहिल्या काही दिवसांतच कळायला हवं होतं.

१७ जानेवारीलाच यानापासून एक वस्तू सुटून दूर जाताना रडारनं टिपली होती, बहुधा त्याच पॅनेलचा तुकडा. ती नोंद शोधली गेली अपघातानंतर.