भांडणापुरती वंशावळ

शनिवार, रात्र

महजराचं, म्हणजे गोतसभेच्या निवाड्याच्या कागदाचं, बाळबोध (देवनागरी) लिप्यंतर आज हातावेगळं झालं. मूळ कागद अर्थात मोडीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, बोरू उचलायचाच नाही असा पण केल्यासारखी ओळ पळते. तारखेला 'सन इसन्ने सबैन मया व अलफ'. इसन्ने दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. जुन्या मराठी कागदांतला अरबी अंकांचा सुहूर सन ११७२, म्हणजे इसवी १७७१ च्या मृगापासून पुढच्या मृगापर्यंतचं साल. तिकडे थोरल्या माधवरावांचं अखेरचं आजारपण, आणि इकडे आमच्या गावात होळीला पहिली पोळी कुणाची यावरून दोन भावक्या हातघाईवर आलेल्या.

पाटीलकीची वडीलकी कुणाची, हा खरा प्रश्न. पोळी, पोळ्याला पुढे निघणारे बैल, पानविडा हे सगळे मान त्यावरच अवलंबून. दोन्ही बाजूंनी गोतापुढे, म्हणजे निवाड्याला जमलेल्या गावकरी-वतनदारांपुढे, आपापली वंशावळ मांडली. दोन्हींत मूळपुरुष तोच, पण प्रत्येकाचा पूर्वज थोरला! अमका बिन (म्हणजे मुलगा) तमका करत चार पिढ्या मागे जातात, म्हणजे ढोबळमानाने शिवकाळापर्यंत. शेवटी साक्षी. पाटलांच्या नावांपुढे नांगर काढलेला, न्हाव्याच्या नावापुढे आरसा. एक नांगर इतका वाकडा आहे की तो काढणाऱ्याला शेतातला खरा नांगरच बरा वाटत असणार.

हे दोघे गुण्यागोविंदाने नांदले असते तर आज आम्हाला त्यांची नावंही कळली नसती. दफ्तराला आमचं कौतुक कधीच नव्हतं. पुढे १८५२ च्या कायद्याने इनामं तपासणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनला बळ आलं, सनद दाखवा नाहीतर जमीन खालसा, तेव्हा आमच्या लोकांनी पुन्हा एक कैफियत लिहून दिली. तिच्यातही जमिनीला हक्कदार तेवढेच. ज्याला पोर झालं नाही त्याच्यापुढे 'नकल' लिहून फांदी बंद. मधल्या काळात आजोबांचं नाव नातवाला ठेवायच्या रिवाजाने तीच दोन नावं आलटून पालटून येतात. साल बघितल्याशिवाय आजोबा कोणता आणि नातू कोणता, पत्ता लागत नाही.

काकांना मात्र हे पुरत नाही. भाटाच्या पोथीत आमचं कूळ थेट चितोडला जातं, तिथून सूर्याला. "कागदात नसलं म्हणून काय झालं?" असं ते म्हणतात. मी वाद घालत नाही, पण लिहिताना शिवकाळाच्या मागे एक ओळही घालणार नाही.

आत्याने फोनवर वेगळंच विचारलं, "त्यात बायकांची नावं आहेत का गं?" सगळा महजर पुन्हा चाळला. एकही नाही. वाद वतनाचा, त्यात त्यांना कोण विचारतो?

त्र्यंबकेश्वरी आमच्या उपाध्यांकडे गावा-आडनावांच्या वह्या आहेत. श्राद्धाला आई, आजी, पणजी नावानिशी लागतात, त्यामुळे तिथे तरी त्या सापडाव्यात. आत्याला गुडघ्यांचं दुखणं आहे, पण येणार म्हणते. वहीत शेवटची नोंद आजोबांच्या हातची आहे म्हणे. तिच्याखाली यावेळी आत्यालाच लिहायला सांगणार आहे, लेकी-सुनांसकट. काकांनी चितोडचं घातलं तर त्यांचं त्यांनी सही करून घालावं.