तुम्ही विचारलंत म्हणून: फुटसालच्या युरोत बघण्यासारखं काय आहे?

टर्फवर खेळणारी पोरं विचारतात, त्यांना न्यायला आलेले पालक विचारतात, ऑफिसातले फुटबॉलवेडे मित्र तर हटकून विचारतात. "तुम्ही सारखं फुटसालचा युरो बघा म्हणता. पण पाच-पाच जणांचं आम्ही दर रविवारी खेळतोच की! त्याच्यात असं वेगळं काय आहे?"

फुटसाल म्हणजे हॉलमध्ये खेळायचं पाच-पाच जणांचं फुटबॉल, आणि युरो ही त्यातली युरोपातल्या देशांची स्पर्धा. माझं उत्तर असं आहे: त्या खेळात वेळ काढता येत नाही. बाकी सगळं या एका गोष्टीतून आलेलं आहे, आणि युरोपातले उत्तम संघ समोरासमोर आले की ते लख्ख दिसतं.

मोठ्या मैदानावरचं फुटबॉल आठवा. ८५ वं मिनिट आहे आणि एक संघ १-० ने पुढे आहे. मग कुणाच्या तरी पोटरीत गोळा येतो, गोलकीपर बॉल पोटाशी धरून आडवा पडतो, थ्रो-इन घ्यायला कुणीच पुढे येत नाही. रेफ्री चार मिनिटं वाढवून देतो आणि तीही अशीच जातात. फुटसालमध्ये २०-२० मिनिटांचे दोन हाफ असतात आणि बॉल खेळात नसेल तेव्हा घड्याळ थांबतं. बॉल रेषेबाहेर गेला, थांबलं. फाउल झाला, थांबलं. गोल झाल्यावर नाचायचं तेवढं नाचा, बोर्डावरचा आकडा हलत नाही. वर किक-इन (थ्रो-इनऐवजी रेषेवरून पायाने मारायची किक) असो, कॉर्नर असो की फ्री किक, चार सेकंदांत घ्यावी लागते. रेफ्री हात वर करून बोटांवर सेकंद मोजतो, आणि ती बोटं अख्ख्या हॉलला दिसतात. गोलकीपरलाही आपल्या अर्ध्या भागात चार सेकंदांच्या वर बॉल ठेवता येत नाही. एकदा त्याने तो सोडला की प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श झाल्याशिवाय त्या भागात त्याच्याकडे परत देता येत नाही. मागे पास देत बसायची वाट तिथेच बंद होते.

आपल्याकडे हे सगळ्यात लवकर कबड्डी बघणाऱ्याला कळतं. चढाईच्या तीस सेकंदांत काहीतरी करून दाखवावंच लागतं, आणि जागा एवढी लहान की अर्धं पाऊल चुकलं तरी गुण जातो.

टर्फबद्दल विचारलंत, तर पहिला फरक जाळीचा. आपल्या टर्फवर बॉल बाजूच्या जाळीला लागून परत येतो आणि खेळ चालू राहतो, त्यामुळे जोरात मारलेला पास वाया जात नाही. फुटसालच्या ४० बाय २० मीटरच्या कोर्टला रेषा असते, जाळी नसते. दुसरा फरक बॉलचा. फुटसालचा बॉल चार नंबरचा आणि मुद्दाम कमी उसळणारा असतो. दोन मीटरवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला ६५ सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये, असा नियमच आहे. असा बॉल लाकडी फरशीवर सरपटत येतो आणि खेळाडू तो तळपायाखाली दाबून धरतो. ते एकदा जवळून बघा. समोरचा अंगावर धावून येतोय, बॉल बुटाखाली आहे, आणि शेवटच्या क्षणी तळवा थोडासा मागे ओढला जातो. बचाव करणारा पुढे निघून गेलेला असतो. आपल्याकडे मुलांना "टो मारू नको रे" म्हणून ओरडा बसतो. इथे बुटाच्या टोकाने मारलेल्या गोलाला मान आहे. पाय मागे घ्यायला सवडच नसते, आणि टोकाचा फटका कधी सुटणार हे तीन मीटर बाय दोन मीटरच्या गोलात उभ्या असलेल्या कीपरला ओळखता येत नाही.

तिसरा फरक फाउलच्या हिशोबाचा, आणि माझ्या मते या खेळातली सगळ्यात सुंदर कल्पना हीच. हाफमध्ये संघाचे पाच फाउल झाले की पुढच्या प्रत्येक थेट फ्री किकला बॉलसमोर खेळाडूंची भिंत उभी करता येत नाही. दहा मीटरवर बॉल, समोर एकटा गोलकीपर. म्हणजे आघाडीवरच्या संघाला धक्के मारून खेळ तोडायची सोयही राहिली नाही. जादा वेळ झाला तर दुसऱ्या हाफचे फाउल तिथेही मोजले जातात.

हे सगळं एकाच सामन्यात बघायचं असेल तर १० फेब्रुवारी २०१८ चा अंतिम सामना शोधून बघा. स्लोव्हेनियाची राजधानी लुब्लियाना, स्टोझित्से अरीना, पोर्तुगाल विरुद्ध स्पेन. स्पेन म्हणजे या स्पर्धेचं घराणंच. १९९६ साली कॉर्डोबात पहिल्यांदा ही स्पर्धा झाली ती त्यांनीच जिंकली, आणि २०१६ पर्यंत सात वेळा करंडक नेला. मधे रशियाने एकदा आणि इटलीने दोनदा तो हिसकावला, एवढंच. पोर्तुगालकडे रिकार्दिन्यो होता, जगातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून पुन्हा पुन्हा गौरवलेला, पण देशासाठी एकही मोठी स्पर्धा न जिंकलेला. २०१० च्या अंतिम सामन्यात स्पेननेच त्यांना ४-२ ने हरवलं होतं.

पहिल्याच मिनिटात रिकार्दिन्योने गोल केला. टोलराने बरोबरी केली, दुसऱ्या हाफमध्ये लिनने स्पेनला २-१ ने पुढे नेलं. मोठ्या मैदानावर स्पेनसारखा संघ इथून पुढे बॉल फिरवत बसला असता. इथे शेवटची दोन मिनिटंही खरोखरची दोन मिनिटं असतात. ब्रुनो कोएल्योने त्यातच २-२ केलं. जादा वेळात रिकार्दिन्यो जखमी होऊन बाहेर गेला. ज्याच्या भरवशावर संघ तिथवर आला होता तो आता बाकावर, आणि समोर सात वेळचा विजेता! मी तो सामना कितीही वेळा लावला तरी इथे छाती धडधडते. स्पेनचे फाउल भरले होते. एक मिनिटाहून कमी वेळ उरलेला असताना आणखी एक झाला. दहा मीटर, भिंत नाही, ब्रुनो कोएल्यो. ३-२. पोर्तुगालचा पहिला करंडक, आणि तो निर्णायक फटका मारायला त्यांचा मोठा खेळाडू कोर्टवर नव्हता.

पिछाडीवरच्या संघाकडे आणखी एक हत्यार असतं. गोलकीपरला काढून पाचवा खेळाडू आणायचा, वेगळ्या रंगाची जर्सी घालून, आणि गोल रिकामा सोडून पाच विरुद्ध चार खेळायचं. बॉल हुकला तर समोरचा आपल्या अर्ध्यातूनही गोल मारू शकतो. कझाकस्तानने ही जोखीम सवयीची केली. ब्राझीलमध्ये जन्मलेला त्यांचा गोलकीपर हिगिता बॉल घेऊन स्वतःच पुढे यायचा, पास द्यायचा, गोल मारायचा. २०१६ साली बेलग्रेडला हा देश पहिल्यांदा या स्पर्धेच्या पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत उतरला आणि तिसरा आला. २०१८ च्या उपांत्य सामन्यात त्यांनी स्पेनला ५-५ वर रोखून पेनल्टीपर्यंत नेलं. मोठ्या फुटबॉलमध्ये कझाकस्तानचं नाव तुम्ही क्वचितच ऐकलं असेल. फुटबॉलमध्ये लहान समजल्या जाणाऱ्या देशांना इथे खरीखुरी संधी असते, आणि माझा या स्पर्धेवर जीव असण्याचं ते एक मोठं कारण आहे. जन्माने ब्राझीलचे खेळाडू घेऊन संघ उभे करणं अनेकांना खटकतं. मला खटकत नाही. हा खेळ दक्षिण अमेरिकेतूनच आलाय. १९३० मध्ये उरुग्वेच्या माँतेविदेओत हुआन कार्लोस सेरियानी नावाच्या शिक्षकाने तो बसवला. तिथली माणसं युरोपात येऊन शिकवतात, खेळतात, तिथेच संसार थाटतात.

२०२२ पासून स्पर्धेत १६ संघ असतात आणि ती चार वर्षांनी होते. त्या वर्षी नेदरलँड्समध्ये पोर्तुगालने उपांत्य सामन्यात स्पेनविरुद्ध ०-२ वरून ३-२ केलं, आणि ॲमस्टरडॅमच्या अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध पुन्हा ०-२ वरून ४-२. लागोपाठ दोनदा! स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला गिनी-बिसाऊमध्ये जन्मलेला, वीस वर्षांचा झिकी. पण त्या स्पर्धेतला माझ्या मनात रुतलेला सामना दुसराच आहे. ४ फेब्रुवारीला उपांत्य फेरीत रशिया आणि युक्रेन समोरासमोर आले. सीमेवर फौजा जमलेल्या होत्या. रशिया ३-२ ने जिंकला. २४ फेब्रुवारीला युद्ध सुरू झालं आणि महिना संपायच्या आत रशियाचे संघ युरोपच्या स्पर्धांतून बाहेर काढले गेले. त्या सामन्याचं रेकॉर्डिंग आज बघताना स्कोअरकडे लक्ष राहत नाही, मी खेळाडूंचे चेहरे बघत बसतो.

बायकांची युरो स्पर्धा उशिरा, २०१९ मध्ये सुरू झाली. पोर्तुगालमधल्या गोंदोमारला झालेली ती पहिली स्पर्धा स्पेनने जिंकली. तीही जरूर बघा, खेळ तितकाच दमदार आहे.

आपल्याकडे २०१६ साली ब्राझीलचा प्रसिद्ध फुटबॉलपटू रोनाल्डिन्यो गोव्याच्या संघातून व्यावसायिक फुटसाल लीग खेळून गेला तेव्हा बरीच गर्दी झाली, पण लोक रोनाल्डिन्यो बघायला आले होते. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: २०२१ पासून क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि २०२३ मध्ये भारताचा पुरुष संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय फुटसाल खेळला. म्हणजे आज टर्फवर जी दहा-बारा वर्षांची पोरं आहेत, त्यांना देशासाठी खेळायचा हा आणखी एक रस्ता आहे. त्यांना खरा खेळ दिसायला हवा.

तेव्हा पुढच्या रविवारी एवढं करून बघा. चार नंबरचा फुटसालचा बॉल आणा. जाळीला लागला की बाहेर धरा. किक-इनला कुणीतरी हात वर करून चार सेकंद मोजा, फाउल एका कागदावर मांडा, आणि सहाव्याला भिंत लावू देऊ नका. आणि घरी गेल्यावर लुब्लियानाचा सामना लावा.