मिरर ताजा, ब्रँच शिळी

सुरक्षा तपासणीचा अहवाल आला तेव्हा सगळ्यांचं पहिलं म्हणणं एकच होतं: स्कॅनर चुकतोय. पॅकेज त्याच सकाळी बिल्ड झालं होतं, म्हणजे कोडमधून तयार झालं होतं, त्यावर तारीख नवी होती. ज्या लायब्ररीत दोष निघाला तिची दुरुस्ती मूळ प्रकल्पाने आधीच प्रसिद्ध केली होती. तरी पॅकेजच्या पोटात दुरुस्तीआधीचाच कोड होता. स्कॅनर बरोबर होता.

आमच्याकडे बिल्ड करणारी यंत्रं बाहेरच्या इंटरनेटला जोडलेली नाहीत. मध्ये एक मिरर सर्व्हर आहे. बाहेरच्या गिट रेपॉजिटरींच्या (कोड आणि त्याचा इतिहास ठेवणाऱ्या साठ्यांच्या, थोडक्यात रेपोंच्या) स्थानिक प्रती त्याच्यावर राहतात, ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन दर 10 मिनिटांनी त्या मूळ रेपोशी जुळवून घेतो आणि बिल्ड फक्त मिररवरूनच क्लोन करतं, म्हणजे रेपो उतरवून घेतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की यातली कटकट नेटवर्कची असेल. पण नेटवर्क गेलं तर पाच मिनिटांत फोन येतात. त्रास होतो तो प्रत अर्धवट जुळते तेव्हा, कारण तेव्हा कोणाचाच फोन येत नाही.

बिल्डवाल्या सहकाऱ्याने आधीच हात झटकले होते. "मिरर ताजा आहे, मी मेनचा शेवटचा कमिट बघितला. मूळ रेपोशी अक्षर न् अक्षर जुळतो." मेन म्हणजे मुख्य ब्रँच, कोडच्या इतिहासाची मुख्य धार, आणि कमिट म्हणजे त्या इतिहासातली एक नोंद. ते खरंही होतं. मी मेन तपासली, जुळली. दुरुस्ती ज्या आवृत्तीत आली तिचा टॅग, म्हणजे त्या आवृत्तीच्या कमिटला दिलेलं नाव, मिररवर शोधला, तोही होता. टॅग ज्या कमिटकडे बोट दाखवतो त्याचा हॅश (ओळखीचा लांब क्रमांक) घेऊन 'गिट कॅट-फाइल -टी' चालवलं, उत्तर आलं: कमिट. म्हणजे दुरुस्तीचा कोड आमच्याच डिस्कवर होता, तरी बिल्डला तो मिळाला नव्हता.

इथे बरेच जण बिल्डचा कॅश पुसायला धावतात आणि पुढचा तासभर वाया घालवतात. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: त्या कमिटपर्यंत कोणकोणत्या रेफमधून पोहोचता येतं? रेफ म्हणजे कमिटकडे बोट दाखवणारं नाव, ब्रँच किंवा टॅग. 'गिट फॉर-ईच-रेफ --कंटेन्स' आणि पुढे तो हॅश. मिररवर यादीत एकच ओळ आली, तो टॅग. एकही ब्रँच नाही. हीच आज्ञा मूळ रेपोच्या नव्या, स्वच्छ क्लोनवर चालवली तर 'स्टेबल/3' नावाची ब्रँच दिसली. आमचं बिल्ड मागत होतं 'स्टेबल'. आणि मूळ रेपोत 'स्टेबल' आता अस्तित्वातच नव्हती.

म्हणजे मूळ प्रकल्पाने 'स्टेबल' काढून टाकली आणि तिच्या जागी 'स्टेबल/2', 'स्टेबल/3' अशा ब्रँचेस सुरू केल्या. आवृत्तीच्या टिपणात तसं लिहिलंही होतं. ती टिपणं कोण वाचतं, हा प्रश्न मी बैठकीत विचारला आणि खोली शांत झाली.

आता मिररने काय केलं ते बघा. प्रत 'गिट क्लोन --मिरर'ने बनवलेली होती, म्हणजे फेचचा (मूळ रेपोतून नवं उतरवण्याचा) रेफस्पेक, कोणती रेफ कुठे ठेवायची तो नियम, '+रेफ्स/*:रेफ्स/*', मूळचं सगळं जसंच्या तसं. क्रॉनमध्ये 'गिट रिमोट अपडेट' होतं, पण प्रूनशिवाय, म्हणजे मूळ रेपोत पुसलेल्या रेफ्स इथेही पुसण्याच्या सोयीशिवाय. प्रून नसेल तर मूळ रेपोत मेलेली ब्रँच मिररवर तशीच राहते, शेवटच्या कमिटवर थिजलेली. एवढंच असतं तरी निदान नवी ब्रँच शेजारी येऊन बसली असती. पण गिटमध्ये 'रेफ्स/हेड्स/स्टेबल' ही मुळात एक फाइल, आणि 'रेफ्स/हेड्स/स्टेबल/3' साठी 'स्टेबल' नावाची डिरेक्टरी लागते. एकाच नावाची फाइल आणि डिरेक्टरी एकत्र नांदत नाहीत. रेफ्स पॅक्ड-रेफ्स फाइलमध्ये गुंडाळलेल्या असल्या तरी गिट हा नियम सोडत नाही. म्हणून नवी ब्रँच प्रत्येक फेचमध्ये दारातच अडत होती, आणि तिला अडवत होती ती मेलेली ब्रँच.

बाकीच्या रेफ्सचं मात्र सुरळीत चाललं होतं. साधा फेच एक रेफ अडली म्हणून थांबत नाही. ऑब्जेक्ट्सचा (कमिट, फाइल्स वगैरेंचा) पॅक उतरवतो, जमतील त्या रेफ्स पुढे सरकवतो, अडलेलीपुढे उद्गारचिन्ह काढतो आणि शेवटी शून्याऐवजी दुसरा एक्झिट कोड देतो; शून्य म्हणजे यश. त्यामुळे मेन ताजी, टॅग ताजे, कमिट डिस्कवर हजर, आणि 'स्टेबल' मागणाऱ्याला 'स्टेबल' मिळतेय. बिल्ड तक्रार कशाची करणार? त्यात क्लोन '--डेप्थ 1' असं उथळ, फक्त शेवटच्या कमिटपुरतं. टॅग सोबत येत नाहीत, टॅगवरून आवृत्ती सांगणाऱ्या 'गिट डिस्क्राइब'ला धरायला काही उरत नाही, म्हणून कोणीतरी पॅकेजवर आवृत्तीऐवजी बिल्डची तारीख छापायची सोय केलेली. जुन्या कोडवर रोज नवी तारीख पडत होती.

गिटने हे लपवलं नव्हतं. लॉग उघडला तर दर 10 मिनिटांनी तोच मजकूर: 'स्टेबल' आहे, म्हणून 'स्टेबल/3' बनवता येत नाही. खाली उपायसुद्धा: काही स्थानिक रेफ्स अद्ययावत झाल्या नाहीत, जुन्या आड येणाऱ्या ब्रँचेस काढायला 'गिट रिमोट प्रून ओरिजिन' चालवून बघा. दिवसाला 144 वेळा हा सल्ला लिहिला जात होता. पण स्क्रिप्टमध्ये फेचचं आउटपुट पाइपमधून 'टी' या दुसऱ्या कमांडकडे दिलं होतं, आणि शेलमध्ये पाइपचा एक्झिट कोड शेवटच्या कमांडचा धरला जातो. 'टी'ने फाइलमध्ये लिहिलं, तिचं काम फत्ते, कोड शून्य. पुढच्या ओळीत यशाची वेळ नोंदली जाई आणि डॅशबोर्ड हिरवा. बॅशमध्ये 'सेट -ओ पाइपफेल' ही एक ओळ असती तर पहिल्याच फेरीत लाल दिवा लागला असता. डॅशबोर्ड आणखी एक गोष्ट तपासत होता, मेनचा हॅश. रोज हलणारी ब्रँच तपासून सगळी प्रत जुळल्याचं समजणं हा या धंद्यातला जुना आजार आहे.

दुरुस्ती म्हणून 'गिट फेच --प्रून' चालवलं. प्रून आधी होतं आणि फेच नंतर, त्यामुळे 'स्टेबल' गेली आणि दोन्ही नव्या ब्रँचेस लगेच आल्या. पुढच्या मिनिटाला बिल्ड पडलं: 'स्टेबल' नावाची ब्रँच सापडत नाही. "मिररने बिल्ड मोडलं" असा निरोप आला. मोडायलाच हवं होतं. नसलेली ब्रँच मागणाऱ्याला नाही म्हणणं हेच मिररचं काम आहे.

खरा वाद पुढे पेटला. प्रून विसरून राहिलं नव्हतं, मुद्दाम बंद ठेवलेलं होतं. मूळ प्रकल्पाने उद्या काही पुसलं तर आपल्याकडे राहावं, हा हेतू. हेतू गैर नाही, जागा चुकीची आहे. मिररने मूळ रेपो आत्ता जसा आहे तसा दाखवायचा. बॅकअपने काल जे होतं ते सांभाळायचं. दोन्ही कामं एकाच रेपोवर टाकली की दोन्ही बिघडतात. आणि प्रून बंद ठेवल्याने बॅकअपही मिळत नाही: रेफस्पेकमध्ये अधिकचं चिन्ह आहे, म्हणजे मूळ रेपोत कोणी फोर्स पुश केला, म्हणजे जुन्या इतिहासावर जबरदस्तीने नवा बसवला, की मिररची ब्रँच निमूट नव्या इतिहासावर उडी मारते. जुने कमिट अनाथ होतात. बेअर रेपोत (मिररसारख्या, कामाच्या फाइल्स नसलेल्या) रेफलॉग, म्हणजे रेफ आधी कुठे होती त्याची नोंद, मुळात बंद असतो, आणि अनाथ झालेले सुटे ऑब्जेक्ट दोन आठवड्यांपेक्षा जुने झाले की गिटची साफसफाईची आज्ञा 'गिट जीसी' त्यांना झाडून टाकते. 'कोअर.लॉगऑलरेफअपडेट्स' चालू केलं तर फोर्स पुशपुरता आधार मिळतो, पण ब्रँच प्रून झाली की तिचा रेफलॉगही तिच्याबरोबर जातो.

मग एकाने सुचवलं की प्रूनआधी सगळ्या रेफ्सची नक्कल 'रेफ्स/आर्काइव्ह' खाली तारखेनिशी ठेवू. ऐकायला झकास. पण '+रेफ्स/*:रेफ्स/*' असताना प्रूनला 'रेफ्स/आर्काइव्ह'सुद्धा मूळ रेपोत नसलेल्या रेफ्सच दिसतात, आणि ते त्यांनाही साफ करतं. संग्रह पहिल्याच फेरीत गेला असता. दोन मार्ग उरतात. एक, रेफस्पेक आखडता घ्यायचा: फक्त हेड्स (म्हणजे ब्रँचेस) आणि फक्त टॅग्ज, दोन वेगळ्या ओळी, दोन्हींच्या सुरुवातीला अधिकचं चिन्ह. टॅगच्या ओळीत ते विसरलं तर 2018 मधल्या गिट 2.20 पासून पुढे हललेला टॅग नाकारला जातो. दोन, संग्रहाचा रेपोच वेगळा ठेवायचा, जो मिररमधून फेच करतो, प्रून कधीच करत नाही आणि प्रत्येक रेफ तारखेच्या फोल्डरखाली साठवतो. आम्ही दोन्ही केलं. रेफस्पेक आखडल्याचा एक फायदा आयताच झाला: गिटहबसारख्या ठिकाणी 'रेफ्स/पुल' खाली प्रत्येक पुल रिक्वेस्टच्या (बदल सामावून घेण्याच्या विनंतीच्या) रेफ्स असतात, त्या यायच्या थांबल्या.

नवी स्क्रिप्ट लहान आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे. सुरुवातीला 'फ्लॉक -एन', म्हणजे आधीची फेरी चालू असेल तर नवी शांतपणे परत फिरते. पण नुसतं तेवढं घातक, कारण एखादा फेच लटकला तर पुढच्या सगळ्या फेऱ्या परतच फिरत राहतात. म्हणून फेचभोवती 'टाइमआउट', आणि 'एचटीटीपी.लोस्पीडलिमिट' व 'एचटीटीपी.लोस्पीडटाइम' दोन्ही भरलेले, म्हणजे फार वेळ मंद चाललेला फेच आपोआप तुटतो. मग मूळ रेपोच्या रेफ्स मोजायच्या. मागच्या वेळेपेक्षा चौथाईहून जास्त घटल्या असतील तर प्रून न करता थांबायचं आणि माणसाला हाक मारायची. मग प्रूनसकट फेच.

त्यानंतर पडताळणी, आणि खरी स्क्रिप्ट तीच. 'गिट एलएस-रिमोट --हेड्स --टॅग्ज --रेफ्स' एकदा मूळ पत्त्यावर, एकदा मिररच्या स्वतःच्या फोल्डरवर. दोन्हीकडे हीच आज्ञा वापरली की दोन्ही याद्या एकाच साच्यात येतात. '--रेफ्स'मुळे टॅगच्या सोललेल्या ओळी (टॅगमागचा कमिट दाखवणाऱ्या जादा ओळी) गळतात. दोन्ही सॉर्ट करून 'डिफ'. फेच आणि पडताळणी यांच्यामध्ये कोणी पुश केलं तर फरक दिसणारच, म्हणून एका फेरीतल्या फरकावर ओरडायचं नाही. मिररच्या बाजूची तीच ओळ सलग दोन फेऱ्यांत वेगळी निघाली तर ओरडायचं. यशाची वेळ नोंदवायची ती डिफ रिकामा आला तरच. फेच यशस्वी झाला म्हणून नाही. लिनक्स कर्नेलच्या साइटच्या, कर्नेल डॉट ऑर्गच्या, प्रती सांभाळणारं ग्रॉकमिरर असंच सगळ्या रेफ्सच्या यादीचा एक ठसा काढून ठेवतं आणि तो बदलला तरच फेच करतं. तिथे ते वेग वाचवायला आहे, पण तपासायची गोष्ट तीच, संपूर्ण यादी.

पडताळणी चालू झाल्यावर इतर रेपोंमधलीही जुनी दुखणी बाहेर आली. डिफला न दिसणारी शोधायला हातानेच बसावं लागलं. मूळ प्रकल्पाने मुख्य ब्रँचचं नाव मास्टरवरून मेन केलं तरी मिररचा हेड (क्लोनला आपोआप कोणती ब्रँच द्यायची ती खूण) मास्टरकडेच बोट दाखवत राहू शकतो. प्रून चालू केल्यावर मास्टर जाते, आणि मग साधा क्लोन इशारा देऊन रिकामा फोल्डर हातात ठेवतो. 'गिट एलएस-रिमोट --सिमरेफ' ने खरा हेड विचारायचा आणि 'गिट सिम्बॉलिक-रेफ' ने बसवायचा. एलएफएस या गिटच्या जोडणीने वेगळ्या ठेवलेल्या मोठ्या फाइल्स मिरर क्लोनबरोबर येतच नाहीत, येतात त्या काही ओळींच्या खुणा. त्यासाठी 'गिट एलएफएस फेच --ऑल' वेगळं. सबमॉड्यूलचे (रेपोत जोडलेल्या दुसऱ्या रेपोंचे) पत्ते बाहेरचेच राहतात, ते बिल्ड यंत्राच्या कॉन्फिगमध्ये 'इन्स्टेडऑफ' लिहून मिररकडे वळवावे लागतात. आणि '--रेफरन्स' देऊन मिररचे ऑब्जेक्ट उसने घेणारा एक रेपो सापडला. मिररवर जीसीने अनाथ ऑब्जेक्ट झाडले की असा रेपो मधेच तुटतो. त्याला '--डिसोसिएट' लावून, म्हणजे उसने ऑब्जेक्ट स्वतःकडे उतरवून, क्लोन नव्याने घेतला.

बिल्डच्या बाजूने ब्रँचचं नाव मागणं बंद झालंय, आता पूर्ण कमिट हॅश फाइलमध्ये लिहिलेला असतो. हॅश बदलायला माणसाने हात लावावा लागतो, म्हणजे टिपण वाचावं लागतं. निदान तशी आशा.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. 'गिट फेच --अॅटॉमिक' लावला तर सगळ्या रेफ्स एकत्र सरकतात, नाहीतर एकही नाही. मग अर्धवट प्रत कधीच दिसणार नाही. पण एका अडलेल्या रेफसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्यांसकट सगळा रेपो थिजून बसेल. सुरक्षा गटाला हे नको आहे, बिल्ड गटाला हवं आहे, आणि दोघांचीही कारणं पटतात. सध्या ज्या रेपोंमधून थेट पॅकेज बनतं त्यांना अॅटॉमिक लावलंय, बाकीच्यांना नाही. कोणता रेपो कोणत्या यादीत, यावर दर आठवड्याला कोणीतरी भांडायला येतंच.