बडोदा की खैरागड?

लेकीने गाण्यातच पदवी करायची, हे आमच्या घरात दहावीनंतरच ठरलं होतं. कुठे, हा प्रश्न मात्र बारावीपर्यंत रेंगाळला. यादी आटत आटत शेवटी दोन नावं उरली: बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि छत्तीसगडमधल्या खैरागडचं इंदिरा कला संगीत विद्यापीठ. दोन्हीकडची माहितीपत्रकं वाचून झाली, फी तपासून झाली, अभ्यासक्रम समोरासमोर ठेवून पाहिले. कागदावर फारसा फरक दिसेना. तिच्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "वाचून काय कळणार ताई? जाऊन कान देऊन या. मुलं काय गातात त्यापेक्षा ती कशी बसतात ते बघा."

आम्ही वर्ध्याचे. हावडा-अहमदाबाद एक्स्प्रेस आमच्या स्टेशनात थांबते. पूर्वेकडे तीच गाडी राजनांदगाववरून जाते, आणि तिथून खैरागड रस्त्याने चाळीसेक किलोमीटर. पश्चिमेकडे ती थेट बडोद्याला पोचते. लेकीचा शेवटचा पेपर झाला आणि आम्ही दोघींनी पिशव्या भरल्या. वर्ग सुरू असतानाच पाहायचे होते, सुट्ट्या लागल्यावर जाण्यात अर्थ नव्हता.

आधी बडोदा. रात्रीची झोप नंदुरबारच्या पुढे मोडली ती मोडलीच. तापी ओलांडली, मग भरूचला नर्मदेचा तो लांबच लांब पूल आला. समोरच्या आजींनी खिडकीतून नर्मदेला हात जोडले, त्यांचं पाहून आम्हीही जोडले. बडोद्याला उतरल्यावर पहिली प्लेट सेव-उसळीची. आमच्याकडच्या तर्रीची सवय असणाऱ्याला ती सौम्य लागते, पण वरून हिरवी पात आणि लसणाची चटणी घेतली की रंग भरतो.

संगीताचं महाविद्यालय सुरसागर तलावासमोर आहे. तलावाच्या मध्यभागी शंकराची प्रचंड मूर्ती, चहूबाजूंनी रिक्षा आणि दुचाक्यांचा कलकलाट, आणि त्यात ही जुनी इमारत. दारातून आत जाताना मला खरंच भरून आलं. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायक मौलाबक्ष यांनी इथे १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली. गाणं म्हणजे दरबाराची किंवा घराण्याच्या उंबऱ्याआतली गोष्ट होती त्या काळात, कोणाही मुलाने फळ्यावर लिहिलेले सूर वाचून शिकावं ही कल्पना या शहराने उचलून धरली. मौलाबक्ष यांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली होती. पुढे १९१६ मध्ये संगीतशास्त्रज्ञ पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच. आणि फैयाज खाँसाहेब! आग्रा घराण्याचा तो भरदार आवाज दरबारगायक म्हणून इथेच राहिला, आणि १९५० मध्ये इथेच शांत झाला. लेकीचे गुरुजी आग्र्याच्या गायकीचे. नोमतोम, म्हणजे बंदिशीआधीचा आलाप, करताना ते मध्येच थांबून खाँसाहेबांचं नाव घेतात आणि कानाची पाळी पकडतात. त्यामुळे ती त्या आवारात पाऊल जपून टाकत होती.

आतल्या मार्गिकेत एका बाजूने तबल्याचा कायदा (ठरावीक बोलांची रचना), दुसरीकडून घुंगरं आणि पलीकडून सतार असं सगळं एकदम कानावर पडत होतं. तिसऱ्या वर्षाला असलेली खानदेशातली एक मुलगी भेटली. मराठी ऐकून ती स्वतःहून थांबली आणि तासभर बोलली. शिक्षकांबद्दल, परीक्षेतल्या रागांबद्दल, शहरातल्या मैफलींबद्दल. इथे नाटक आहे, भरतनाट्यम आहे, कथक आहे. चित्रकला आणि शिल्पकलेसाठी देशभर नाव असलेलं ललित कलेचं महाविद्यालय याच विद्यापीठात आहे. संध्याकाळी कुठे ना कुठे काही ना काही असतं. "बाहेरचं ऐकून माझं गाणं बदललं," ती म्हणाली. हे वाक्य मी लक्षात ठेवलं, कारण ऐकणं हा शिकण्याचा निम्मा भाग असतो असं मला मनापासून वाटतं.

रियाजाचं विचारलं तेव्हा ती जरा थांबली. महाविद्यालयाच्या वेळेत खोली मिळते, म्हणाली. नंतरचं ज्याचं त्याने बघायचं.

ते बघायलाच आम्ही दांडिया बाजारात गेलो. बडोद्यातली मराठी वस्ती तिथली. दारावर आडनावं वाचत जावं तर सदाशिव पेठेत असल्यासारखं वाटतं. जवळच तांबेकरांचा वाडा आहे, भिंतीवर जुनी चित्रं असलेला. एका काकूंकडे मुलींसाठी खोली होती. स्वच्छ, हवेशीर, जेवणासकट. चार पिढ्या गुजरातेत काढलेलं घर, बोलणं गोड. चहा झाला, लेकीने थोडं गाऊन दाखवलं, काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "सकाळी मात्र आठनंतर गा हं बेटा. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मलाही तान्ह्या बाळाच्या घरात पहाटे पाचला कुणी खर्ज (खालच्या सप्तकातले सूर) लावलेला चालला नसता. पण लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं ती काय मोजते आहे.

खैरागडची वाट अगदी उलट दिशेची. गोंदिया सुटलं की सालेकसा, दरेकसा ही स्टेशनं येतात आणि दोन्ही बाजूंनी जंगल अंगावर येतं. पळस अजून फुललेला होता. बोगदा ओलांडून थोडं पुढे गेलं की महाराष्ट्र संपतो आणि डोंगरगड येतं. टेकडीवर बमलेश्वरीचं देऊळ गाडीतूनच दिसतं. राजनांदगावला उतरून बस धरली. रस्ता शेतांमधून जातो, आणि गाव इतकं अवचित येतं की विद्यापीठ कुठे असेल याचा अंदाजच लागत नाही.

विद्यापीठ राजवाड्यात आहे. म्हणजे 'राजवाड्यासारखं' असं मी म्हणत नाही, तो खरोखरच खैरागडच्या राजांचा कमलविलास महाल. राजा बीरेंद्र बहादुर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांची मुलगी इंदिरा. तिला गाण्याचा नाद होता. ती लहान वयात गेली. तिच्या आठवणीसाठी आईबापांनी राहता महाल संगीताला देऊन टाकला, आणि १९५६ मध्ये तिच्या नावाने हे विद्यापीठ उभं राहिलं. ही हकिकत मी आधी वाचली होती. पण गाण्यासाठी घर सोडू पाहणारी माझी मुलगी शेजारी उभी असताना कमानीवरचं ते नाव वाचणं निराळं होतं. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले.

आणि इथे आम्हाला एक ओळखीचं नाव भेटलं. अण्णासाहेब रातंजनकर. भातखंडे यांचे हे पट्टशिष्य तरुणपणी बडोद्याला फैयाज खाँसाहेबांकडे शिकले, नंतर लखनौचं मॅरिस कॉलेज त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं, आणि १९५७ ते १९६० या काळात ते खैरागडला कुलगुरू होते. 'सुजन' या मुद्रेने, म्हणजे टोपणनावाने, त्यांनी बांधलेल्या बंदिशी गुरुजींकडे शिकवल्या जातात. म्हणजे आम्ही ज्या दोन गावांमधून निवड करत होतो, त्या दोन्ही गावांत हा माणूस राहिला होता: एका गावात शागीर्द म्हणून, दुसऱ्यात कुलगुरू म्हणून. लेक म्हणाली, "आई, मग आपलं कुठेही चुकणार नाही गं." खरं होतं, पण त्याने निर्णय काही सोपा झाला नाही.

तो सोपा केला एका तानपुऱ्याने.

गायन विभागातल्या एका खोलीत बालाघाटकडची एक मुलगी तास सुरू होण्याआधी तानपुरा जुळवत बसली होती. आम्ही परवानगी विचारून कोपऱ्यात टेकलो. तिने आधी खुंट्या फिरवल्या, मग मणी सरकवून सूर काठावर आणला. तो जुळला असं मला वाटलं. पण ती थांबली नाही. घोडीवर तारेखाली जो बारीक सुती दोरा असतो तो ती केसभर पुढे, केसभर मागे करत होती, प्रत्येक वेळी तार छेडून ऐकत होती. बराच वेळ आवाज नुसता बंद, ठोकल्यासारखा. मग एका क्षणी दोरा नेमक्या जागी बसला आणि तार बोलू लागली. जवारी, म्हणजे तारेचा तो घुमणारा नाद, खुलली. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो असं गुरुजी नेहमी सांगत, पण लेक घरी रियाज करते तो मोबाईलमधल्या तानपुऱ्यावर. त्या खोलीत तो गंधार माझ्यासारख्या न गाणाऱ्या बाईलाही स्वच्छ ऐकू आला. कुणी लावलेला नाही, तरी तिथे आहे.

"मी लावून बघू?" लेकीने विचारलं. त्या मुलीने हसून भोपळा तिच्याकडे सरकवला आणि चारही तारा पुन्हा उतरवून दिल्या. लेकीला अर्धा तास लागला असेल. मधेच शिक्षक आले, पाहिलं, काही न बोलता बसून राहिले. जुळल्यावर एवढंच म्हणाले, "काली चार? अब गाओ." काळी चार ही लेकीची गाण्याची पट्टी. तास तिथून सुरू झाला. तिच्या प्रवेशाचा अजून पत्ता नव्हता, तरी तिला त्यांनी बसवून घेतलं.

संध्याकाळी आम्ही गावातून चक्कर मारली. बाजार लहान, नदी जवळ, वर्दळ अशी नाहीच. लोकसंगीताचाही विभाग या विद्यापीठात आहे, तिकडून पंडवानीचा, म्हणजे छत्तीसगडी महाभारतगायनाचा, तंबुरा आणि करताल ऐकू येत होते. गावातला चहावालाही विद्यार्थ्यांना 'कौन सा साज?' असं विचारतो. पहाटे मला जाग आली ती कुणाच्या तरी सारंगीने. मग लांबवर एक आवाज मंद्रात लागला, त्यानंतर आणखी एक. आठ वाजायची वाट कुणीही पाहत नव्हतं.

परतीच्या गाडीत आमची चर्चा झाली. बडोद्याच्या बाजूने बोलणारी मीच होते, आणि मला ते सगळं अजूनही पटतं. मोठं शहर, मराठी शेजार, रात्रीबेरात्री दवाखाना जवळ, सगळ्या कलांची संगत, बाहेरच्या जगाशी बोलायला इंग्रजीची सवय. खैरागडला यातलं बरंच काही नाही. मोठ्या कलाकारांची मैफल ऐकायची तर रायपूर किंवा नागपूर गाठावं लागेल. नातेवाईक 'पुढे काय?' विचारतील तेव्हा शहराचं नाव घेतलं की त्यांचं समाधान लवकर होतं, हेही खरं. पण पुढचं एम.पी.ए. (पदव्युत्तर पदवी), नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा), आकाशवाणीची ऑडिशन या वाटा दोन्हीकडून सारख्याच जातात.

लेकीचं म्हणणं थोडक्यात असं: ऐकायला आयुष्य पडलं आहे, मैफली शहरात नंतरही मिळतील. आवाज घडवायची ही चार वर्षं मात्र पुन्हा मिळणार नाहीत, आणि या वर्षांत पहाटेचा खर्ज आणि खरा तानपुरा मला हवा. मी यावर खूप विचार केला. ती म्हणते ते बरोबर आहे. संगीताची पदवी घेताना विद्यापीठाने द्यायची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बिनधास्त गाता येईल अशी वेळ आणि जागा, असं आता माझं ठाम मत झालं आहे. नामवंत गुरू असला तरी त्याने सांगितलेलं घटवायला जागा नसेल तर ते वहीतच राहतं. म्हणून ज्यांच्या मुलामुलींपुढे असा पेच आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं: तास बघा, पण तास संपल्यावर दोन तासांनी पुन्हा त्याच आवारात जा. शक्य असेल तर गावात रात्र काढा आणि पहाटे उठून ऐका. मुलांना विचारा, तानपुरा कोण लावतं? शिक्षक लावून देतात, मोबाईल लावतात की स्वतः? तबल्याच्या मुलांना विचारा, खोली किती वाजेपर्यंत उघडी असते. आणि जिच्यासाठी जाताय तिला एकदा तरी तिथे गाऊ द्या, कारण तिला जे कळेल ते तुम्हाला कळणार नाही.

बडोद्याच्या काकूंना मी फोन करून कळवलं. त्यांना वाईट वाटलं, पण फैयाज खाँसाहेबांच्या गावी लेकीने सुट्टीत तरी येऊन राहावं, असं त्यांनी निक्षून सांगितलं. ते नक्की होणार.

खैरागडचा अर्ज भरून ठेवला आहे. प्रवेशचाचणीसाठी गुरुजींनी यमन आणि भैरव पक्के करायला घेतले आहेत, सोबत त्रितालात एक छोटा ख्याल. मिरजेच्या कारागिरांकडे तानपुराही सांगितला आहे, काळी चारला बेताचा होईल असा भोपळा निवडून. तयार व्हायला वेळ लागेल, तोवर गुरुजींनी त्यांचा जुना तानपुरा घरी नेऊ दिला आहे. मोबाईलमधला तानपुरा लेकीने काढून टाकला.