ब्रेक मारला की मागचं सुटायचं

आमच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसगाड्यांची स्पर्धा) गाडीला विंग, म्हणजे हवेच्या जोरावर गाडी खाली दाबणारे पंख, बसवल्या आणि जोरात ब्रेक मारला की मागचं सुटायला लागलं, म्हणजे मागची चाकं पकड सोडून घसरायला लागली. आधी असलं काही नव्हतं. बेळगावच्या उद्यमबागेत ज्यांच्याकडून ब्रॅकेट करून घेतले ते मामा म्हणाले, "कॅलिपर धरत असंल रे, ते बघा की आधी." कॅलिपर (ब्रेकची डिस्क आवळणारा भाग), ब्रेक ऑइलचे होज, चाकांची अलाइनमेंट, सगळं तपासून पाहिलं. ठीक होतं.

मग मच्छेजवळच्या एका मोकळ्या आवारात ताशी 40 किलोमीटरवरून ब्रेक मारून बघितला, गाडी सरळ. 80 वरून मारला, तर पेडल दाबताक्षणी मागची चाकं वळवळली आणि वेग उतरला तशी शांत झाली. कॅलिपरचा दोष 40 लाही दिसला असता. विंगचा दाब मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 80 ला चौपट.

पण विंग तर गाडी खाली दाबते, मग सुटते कशी? शॉकअपच्या दांड्यावर केबल टाय बांधला. तो किती सरकला यावरून नाक किती खाली जातं ते कळलं. पुढची विंग जमिनीपासून पाच सेंटिमीटरवर, ब्रेक मारल्यावर तीनच्या आसपास. जमिनीजवळ गेली की ती आणखी जोरात खाली खेचली जाते. शिवाय ती पुढच्या चाकांच्याही पुढे असते, त्यामुळे तिचा दाब तरफेसारखा मागची चाकं हलकी करतो. ब्रेकमुळे वजन पुढे गेलेलंच असतं आणि मागचा डिफ्युझर (गाडीच्या तळाशी हवेच्या जोरावर मागचा भाग खाली खेचणारा भाग) नेमका तेव्हाच जमिनीपासून वर उचलला जातो. मागच्या टायरनी पकड धरायची कशाच्या जोरावर?

ड्रायव्हर म्हणाला, ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी, पुढे घ्या. घेतला. 80 ला गाडी सरळ थांबली, पण हळू वेगात पुढची चाकं लॉक होऊन मागची फिरतच राहिली. स्पर्धेतल्या ब्रेक टेस्टला चारही चाकं लॉक व्हावी लागतात, तेव्हा तो मार्ग बंद. बायस जागेवर आणून पुढच्या विंगचा फ्लॅप (तिची तिरकी पट्टी) थोडा चपटा केला आणि पुढे कडक स्प्रिंगा घातल्या. नाक कमी बुडायला लागलं, मागचं सुटणं थांबलं. वळणात शिरताना गाडी आता जरा आळशी वाटते अशी ड्रायव्हरची कुरकुर आहे. असू दे, मला ती चालते.

पावसाळ्यात मात्र वेगळा हिशोब. ओल्यात पकड कमी, म्हणून ब्रेक मारल्यावर वजनही पुढे कमी सरकतं, आणि बायस थोडा मागे न्यावा लागतो. बेळगावात जूननंतर सरावाचे दिवस बहुतेक तसलेच.