पाण्यावरचा तरवा

"इंजिन बंद करा. वल्ही घ्या." धक्क्यावरच्या ओजिब्वे या मूळनिवासी जमातीच्या आजी एवढंच म्हणाल्या.

अमेरिकेच्या मिनेसोटातलं तळं, जूनची सकाळ. पाण्यावर हिरव्या रिबिनींसारखी पाती आडवी पसरलेली. मी त्यांना शेवाळ समजले होते. तो मनूमिन होता, त्यांचा जंगली भात. या दिवसांत त्याची मुळं इतकी कच्ची असतात, की बोटीच्या लाटांनीही रोप उपटून येतं. दरवर्षी बियांपासूनच उगवणारं हे रोप. दाणा धरण्याआधी गेलं, तर त्याचं बी चिखलात पडणार कुठून?

आमच्या मागे उपटलेली रोपं तरंगत होती. आजींनी त्यातलं एक मुळासकट उचललं आणि ओंजळीत धरून उभ्या राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत.

२०१८ मध्ये इथल्या व्हाइट अर्थ या राखीव प्रदेशातल्या ओजिब्वेंनी या भाताला कायद्याने हक्क दिले. ते आज कळलं.

कोकणात आमच्या भाताच्या तरव्यात कुणी गुरं घातली असती, तर आई अशी गप्प राहिली असती का?